हजार मीटरचं बॅरल

कोळवणच्या आमच्या रायफल क्लबात नेमबाजी कमी आणि वाट बघणंच जास्त! खोऱ्यातून वारा सुटला की सर म्हणतात, "थांबा." मग आम्ही तसेच पालथे पडून राहतो. ढगांच्या सावल्या समोरच्या डोंगरावरून सावकाश सरकतात, भातखाचरं हलत राहतात, कुणाला तरी डुलकी लागते आणि कुणीतरी बोलायला लागतं. किस्से साठणार नाहीत तर काय!

सर म्हणजे आमचे कोच, फौजेतून रिटायर झालेले. आणि आमच्या गप्पांचा विषय एकच, बॅरलचा ट्विस्ट. बॅरलच्या, म्हणजे रायफलच्या नळीच्या, आत पिळदार खाचा असतात, त्यांनी गोळी गरगरत जाते. बारा इंचांत एक फेरा घेतला तर बाराचा ट्विस्ट, दहा इंचांत घेतला तर दहाचा, म्हणजे जास्त घट्ट. लांब पल्ल्याच्या जड गोळीला घट्ट पीळ लागतो, जवळच्या हलक्या गोळीला सैल चालतो. एवढंच! पण ह्यावरून आमच्यात अबोले झालेत, देवाशपथ.

*

नव्या माणसाला सर पहिला प्रश्न विचारतात, "मारणार कुठे?"

मंदार हा माझा हिंजवडीतला टीमलीड. इंटरनेटवर रात्रंदिवस वाचून आला होता. छाती काढून म्हणाला, "सर, हजार मीटरवर!"

आमची रेंज तीनशे मीटरची. पुढे डोंगर. सरांनी डोंगराकडे पाहिलं, मंदारकडे पाहिलं.

"आणि उरलेल्या सातशेसाठी बोगदा काढणार का?"

मंदारनं तरी सगळ्यात घट्ट पिळाचंच बॅरल घेतलं! आता तो तीनशेवर मारतो आणि डोंगराच्या वर आभाळाकडे बघत बसतो.

*

ट्विस्ट मोजायची साधी रीत आहे. बॅरल साफ करायच्या गजाला चिंधी घट्ट गुंडाळायची, आत सारायची आणि गज किती इंचांत एक फेरा घेतो ते बघायचं. मंदारनं चिंधी सैल गुंडाळली. गज सरळ आत, सरळ बाहेर!

"सर, फसवलं मला! ह्यात पीळच नाही!"

सर डोळेही न उघडता म्हणाले, "चिंधी बदल. बॅरल राहू दे."

*

बापूंच्या जमिनीवर आमची रेंज आहे. बापूंनी एकदा सैल पिळाच्या बॅरलमधून हौसेनं लांबलचक जड गोळ्या मारल्या. गोळ्या डुगडुगत गेल्या आणि कागदावर आडव्या आपटल्या. भोकं ही एवढाली!

आम्ही हसतोय, आणि बापू टार्गेट घेऊन सरांपुढं उभे.

"भोक दहाच्या रेषेला लागलंय का न्हाई? मग दहा मार्क द्या. आडवी लागली का उबी, नियमात कुटं लिवलंय?"

सरांनी नियम काढून वाचले. लिहिलं नव्हतं! दिले दहा.

*

बापूंची मुलगी सायली आमच्या क्लबाची खरी नेमबाज. तिला बघायला पाहुणे आले होते. स्थळ लांबचं, पार विदर्भातलं. सायलीला काही ते पसंत नव्हतं. बापू शांतपणे चहा ओतत म्हणाले, "जमायचं न्हाई. आमचं बॅरल बाराचं हाय. तीनशे मीटरच्या आत कुणी असंल तर बोला!"

*

मग क्लबच्या रायफलचं बॅरल झिजलं. नवीन एकच येणार होतं. सायलीचं तीनशे मीटरचं सिलेक्शन तोंडावर, तिला बाराचं सोयीचं. आणि सरांना फौजेत असल्यापासून एकदा, फक्त एकदा, हजार मीटरवर मारायचं होतं. त्याला दहाचं लागतं, आणि मंदारची रायफल सर उसनी मागणाऱ्यातले नव्हेत. सरांचा उजवा, नेमाचा डोळा अधू होत चाललाय, डॉक्टरांनी आशा दाखवली नव्हती. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

सरांनी डीलरला फोन केला, "बाराचं पाठवा."

बॅरल आलं. सरांनी गज घालून मोजलं. दहा! परत मोजलं. दहाच.

"चुकीचं पाठवलंय!"

"चुकलं न्हाई, सर," सायली म्हणाली. "मीच परत फोन केलता."

"आणि तुझं सिलेक्शन गं?"

"दहानं तीनशेला बी लागतंय. मी लावते."

हिवाळाभर तिनं जड गोळ्या मारल्या. धक्क्यानं खांदा काळानिळा! आई रोज शिव्या घालायची. पण पोरीचं सिलेक्शन झालं. मला तर रडूच आलं.

नंतरच्या रविवारी तिनं सरांना गाडीत घातलं. लांब माळावर एक मोठी रेंज आहे, तिकडे आम्ही गेलो. सकाळचं ऊन, पिवळं गवत, आणि हजार मीटरवर एक लोखंडी पाटी. दुर्बिणीशिवाय मला तर ती दिसतच नव्हती.

सर रायफलमागे पालथे झोपले. कितीतरी वेळ नुसता श्वास. मग गोळी गेली. त्यांनी गाल रायफलवरून उचलला आणि डोळे मिटून घेतले.

सगळा माळ गप्प. मग फार लांबून, अगदी बारीक, टण्ण!

सायली ओरडली, "सर! लागली! दिसली का तुमाला?"

"गप गं," सर म्हणाले. "अजून ऐकू येतंय."