कुजबुजताईचं अडलेलं वाक्य

आमच्या नाटक कंपनीत तिला सगळे कुजबुजताई म्हणत. ती प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायची आणि कुणाची जीभ अडखळली की पुढचं वाक्य हळूच पुरवायची. रसिकहो, जन्मभर मी ज्या टाळ्या घेतल्या, त्यातल्या निम्म्या खरं तर तिच्या होत्या.

तिचा नवरा आमचाच लाइटवाला. दुसऱ्या शहरात जास्त पैशांचं काम मिळालं म्हणून गेला. आधी पैसे येत, मग नुसते फोन, मग तेही थांबले. लेक तेव्हा दुसरीत. कंपनीत प्रयोग असेल तर नाईट, म्हणजे त्या प्रयोगापुरते पैसे मिळायचे, नसेल तर हात हलवत घरी. घरभाडं थकलं, फीसाठी शाळेतून बोलावणी आली. तरी प्रयोगात अंधार झाला की ताईची मान आपसूक दिव्यांच्या केबिनकडे वळायची. तिथे आता दुसराच माणूस बसत होता.

एकट्यानं मूल वाढवणाऱ्यांना सरकार दरमहा भत्ता देतं, हे आमच्या खलनायकाला कुठूनसं कळलं. अट अशी, की नवरा सोडून गेलाय आणि परत येण्याची शक्यता नाही, हे अधिकाऱ्यासमोर तोंडानं सांगायचं आणि मग सही करायची.

"एवढंच ना?" खलनायक म्हणाला. "ताई, आमच्याकडून अख्खी नाटकं वदवून घेतलीस, तुला एक वाक्य जड होय?"

"दुसऱ्याचं असतं तर एव्हाना सांगून झालं असतं, भाऊ."

कार्यालयात आम्ही तिघं गेलो. टेबलामागे चष्मा कपाळावर चढवलेल्या अधिकारी बाई.

"हं, सांगा. तुमचे मिस्टर?"

"कामाला गेलेत. म्हणजे, गेले होते."

"परत येणार आहेत?"

ताईचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. तेवढ्यात मागच्या बाकावरून शब्द आले, "परत येण्याची शक्यता नाही."

आम्हा नाटकवाल्यांची ही खोडच. समोरचा अडला की आपण पुरवायचं. त्यातून खलनायकाची कुजबुज म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी. दारातल्या शिपायानंही डोकावून पाहिलं.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "हे गृहस्थ कोण? हेच तर मिस्टर नव्हेत?"

"छे हो, मी खलनायक आहे."

"ते दिसतंच आहे."

"म्हणजे स्टेजवर. तिथे किती बायकांना घराबाहेर काढलंय, गणती नाही. घरी मात्र बायको मलाच काढते."

बाई हसल्या नाहीत. "नवरा बायकोला पढवून आणतो आणि भत्ता दोघं मिळून खातात, असलं बरंच बघतो आम्ही. तुम्ही बाहेर बसा. आणि ताई, मला तुमच्याच तोंडून ऐकायचंय. नाहीतर अर्ज परत जाईल."

तो खाली मान घालून बाहेर गेला. अडलेला नट विंगेकडे बघतो, तसं ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी जीभ दातांखाली धरून ठेवली.

"येणार नाहीत, असं नाही म्हणता येणार मला," ती शेवटी म्हणाली. "जिन्यात पाऊल वाजलं की अजून हातातलं काम टाकून दाराशी जाते. पण वाट मी बघतेय. पोरीची शाळा कशी बघेल?"

बाईंनी अर्ज पुढ्यात ओढला. "आज ते घरी राहतात का?"

"नाही."

"पैसे पाठवतात?"

"नाही."

"मग मी एवढंच लिहिते. वाट बघू नका, असं नियमात कुठे नाही."

ताईनं सही केली. उठता उठता थबकली. "आणि ते आलेच, तर?"

"त्या महिन्यापासून भत्ता बंद."

"लगेच?"

"लगेच. तुम्ही येऊन कळवायचं."

"कळवीन की," ताई म्हणाली. तिचा चेहरा असा काही उजळला, की मलाच बघवेना. "धावत येऊन कळवीन."

त्या भत्त्यानं थकलेलं भाडं फिटलं, लेकीची शाळा सुटली नाही. लेक अठरा वर्षांची होईपर्यंत पैसे येत राहिले. जमा झाल्याचा मेसेज आला की पोरगी खूश व्हायची. ताई मात्र तो पुन्हा पुन्हा वाचायची, एकदा दाराकडे बघायची आणि म्हणायची, "आला गं. याही महिन्यात आला."