बांधावरची चिंच आणि सरळ जाणारा किरण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मध्ये थांबवलं की मला पुढचं सुचत नाही. माझी स्वतःच्या हातानं, सगळ्या गावासमोर करून घेतलेली फजिती सांगतोय. दुसऱ्या कुणी केली असती तर त्याच्यावर ढकलता तरी आली असती. इथं तर बॅटरीसुद्धा मीच नवी टाकली होती.

मी लातुरात क्लासला फिजिक्स शिकवतो. आमच्या बॅचा केवढ्या असतात ते तुम्हाला माहीतच आहे. शेवटच्या बाकावरच्या पोराला फळ्यावरचं माझं बोट दिसत नाही, कधीकधी मीच दिसत नाही. म्हणून ऑनलाइन एक लेझर पॉइंटर मागवला. पेनापेक्षा जरा जाड, हिरव्या उजेडाचा. डब्यावर लिहिलेलं होतं, लांबवर जातो, पाण्यात चालतो, पडला तरी बिघडत नाही.

आता डब्यावरचं वाचून मी गप्प बसलो तर कसला हो फिजिक्सवाला? मी माठ घ्यायला गेलो तर दुकानातले सगळे माठ वाजवून पाहतो. टरबूजवाला मला लांबून बघितलं की गाडा पुढं ढकलतो. अशा वेळी आमची सुरेखा, म्हणजे आमची मंडळी, चार पावलं लांब जाऊन दुसऱ्याच कुणाबरोबर आल्यासारखी उभी राहते.

तर टेस्टिंग सुरू केलं. जिन्यावरून सोडला. गडगडत खाली गेला, बटण दाबलं, चालू. बादलीत बुडवून त्यावर पाट ठेवला. चालू. फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली रात्रभर ठेवला. सकाळी गारठलेला निघाला, पण चालू.

"एवढं माझ्याकडं लक्ष दिलं असतं तर माझी पाठदुखी कधीच थांबली असती," सुरेखा म्हणाली. तिचं चालूच असतं.

राहिला पल्ला. तो गल्लीत कसा बघणार? आमच्या बाल्कनीतून सरळ रेषेत जे काही येतं ती समोरच्यांच्या बाथरूमची खिडकी आहे. उद्या लोक म्हणतील, सर क्लास सोडून काय करून राहिले? शिवाय कुणाच्या डोळ्यात गेला तर कायमचं नुकसान. मोकळी जागा पाहिजे होती, आणि ती आपल्याकडं आहे. औशाच्या अलीकडं आमचं गाव, तिथं थोडी शेती. म्हटलं, रविवारी तिकडंच जाऊ. तसंही त्या दिवशी शेतातली चिंच बघायला व्यापारी मुनीरभाई येणार होते.

आता चिंचेचं सांगावंच लागतं. माझ्या आणि किसनतात्यांच्या शेताच्या मधोमध बांध आहे आणि त्या बांधाला लागून एक जुनी चिंच आहे. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. ही चिंच आमच्या पणजोबानं लावली असं मी म्हणतो, त्यांच्या आजोबानं लावली असं तात्या म्हणतात. माणूस एकच आहे, त्यामुळं दोघंही खरंच बोलतो.

पण बांध चिंचेच्या पलीकडून, तात्यांच्या बाजूनं वळसा घालून जातो. म्हणजे झाड माझ्या शेतात. वडिलांच्या वेळेपासून चिंच आम्हीच उतरवतो. औशाचे मुनीरभाई दरसाल झाडावरचाच माल घेतात. सुरेखा घरापुरती ठेवून घेते आणि त्यातली निम्मी नांदेडला बहिणीकडं पाठवते. आणि मी, मोठ्या मनाचा माणूस, एक पिशवी भरून स्वतः तात्यांच्या दारात नेऊन देतो. चार लोक ओट्यावर बसलेले असताना देतो. खोटं कशाला बोलू, त्या पिशवीवर माझी गावात वर्षभराची इज्जत चालते.

रविवारी ऊन कलल्यावर शेतात पोचलो. हरभरा निघालेला, रान मोकळं. सुरेखाला खताचं पांढरं पोतं देऊन चिंचेच्या बुंध्यापाशी उभं केलं आणि पोतं बाजूला धरायला सांगितलं, किरण चुकून तोंडावर नको म्हणून. मी लांबून ठिपका पाडायचा, तिनं फोनवर सांगायचं, दिसतोय का, केवढा दिसतोय. जसं लांब जाऊ तसा ठिपका मोठा होतो, ते मला मोजायचं होतं. म्हणून टेप आणली होती. जिथं जिथं थांबलो तिथं जमिनीवर चुन्याची चिमूट टाकली. ठिपका केवढा पडला ते कळावं म्हणून बुंध्यावरसुद्धा चुन्याचे गोल काढले.

आता मला सांगा, बांधाजवळ टेप, चुना आणि हातात कसलंतरी यंत्र घेतलेला शिकलेला माणूस दिसला तर आपल्याकडं त्याचा काय अर्थ होतो? एकच होतो. तो सगळ्या शिवाराला कळला, फक्त मला सोडून.

तात्या गोठ्यातून तरातरा आले. धोतराचा सोगा एका हातात, दुसऱ्या हातात शेणाची पाटी तशीच.

"भास्करा, काय करून राहिला?"

"टेस्टिंग तात्या. नवीन वस्तू घेतली, ती तपासून राहिलो."

"आन् चुना?"

"खुणा करायला."

"हाव. खुणाच करायला असतो चुना." तात्यांनी पाटी खाली ठेवली. "नोटीस कुठं हाय?"

"कसली नोटीस?"

"मोजणीची. बाजूवाल्याला नोटीस दिल्याबिगर मोजणी होत न्हाई. म्या काय आज जलमलो का?"

"तात्या, ही मोजणी नाही हो."

"सून चिंचेला पोतं लावून हुबी हाय, झाडाला गोल काढलेत, आन् मोजणी न्हाई. मग काय झाडाचा वाढदिवस हाय?"

सुरेखा लांबून हसली. मदत करायची सोडून ती खाली पडलेल्या चिंचा ओच्यात गोळा करून राहिली होती.

तात्यांनी हाक मारली आणि आजूबाजूच्या रानातली माणसं बांधावर जमली. शिवारात मोजणी निघाली म्हटल्यावर कोण थांबतं? कुणी बैल सोडून आलं, कुणी मोटर चालू ठेवून. "आता मोजणी लेझरवरच हाय म्हणे," असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "तालुक्याला बघितलीय म्या, अशीच असती." त्यानं काय बघितलं होतं देव जाणे.

इथं मी काय करायला पाहिजे होतं? वस्तू खिशात घालून घरी जायला पाहिजे होतं. पण समोर माणसं गोळा झाली की मास्तराच्या जिभेला पाय फुटतात. मी म्हटलं, गैरसमज काढून टाकू, सगळ्यांना नीट समजावून सांगू.

"ही मोजणी नाही मंडळी," मी म्हणालो, "पण वस्तू बघण्यासारखी आहे."

आणि लोकांनी विचारलेलं नसताना पॉइंटर बांधावरच्या दगडावर आपटला. बटण दाबलं, चालू. पाण्याच्या हौदात टाकला, बाहेर काढला, चालू. एक जण ट्रॅक्टरवर बसलेलाच होता, त्याला म्हटलं, घाल चाक. नांगरलेल्या मऊ मातीत तो चाकाखाली दाबला गेला. उकरून काढला, पुसला, दाबला. चालू. लोकांनी माना डोलावल्या. लातूरच्या क्लासमध्ये एवढा मान कधी मिळाला नव्हता.

"म्हंजी बिघडतच न्हाई म्हन की," तात्या म्हणाले.

"बिघडूच शकत नाही."

"आन् उजेड वाकडातिकडा जात आसंल लांब गेल्यावर?"

बघा, इथंच मी मेलो. अठरा-अठरा वर्षांची पोरं हा प्रश्न विचारतात तेव्हा मला भरून येतं.

"तात्या, प्रकाश सरळ रेषेत जातो. माणूस वाकडा जाईल, नांगर वाकडा जाईल, दोरी झोल खाईल. प्रकाश नाही. प्रकाशाला नातं-गोतं नसतं."

हे शेवटचं वाक्य कशाला बोललो मला अजून कळलेलं नाही. पण टाळ्या पडल्या, आणि त्याच वेळी मुनीरभाईंची मोटरसायकल बांधापाशी येऊन थांबली. त्यांनी गर्दी बघितली, झाड बघितलं, चुन्याचे गोल बघितले आणि हेल्मेट काढून गाडीवरच बसून राहिले.

तात्या शांतपणे म्हणाले, "मग एक काम कर. गाडीवाटंला आपल्या दोघांचा हद्दीचा दगड हाय. खाली वढ्यापाशी दुसरा हाय. दोन्ही तुझ्या आज्यानं आन् माझ्या बापानं संगं रोवलेले, कमरेइतके जमिनीत हायेत. ह्या दगडावरून त्या दगडावर उजेड मार."

नाही कसा म्हणणार? माझ्या मनात तर उलट आनंद होता. म्हटलं, बरं झालं, एकदाचं सगळ्यांसमोर सिद्ध होईल, मुनीरभाईंच्यासुद्धा. चिंच माझीच आहे ही गोष्ट विज्ञानानं सांगितली की तात्यांची कायमची कुरकुर बंद.

सुरेखाला पोतं घेऊन ओढ्याच्या दगडाकडं पाठवलं. लोकांना एका बाजूला सारलं, किरणाच्या रेषेत कुणी येऊ नका म्हणून दटावलं. गाडीवाटेच्या दगडावर पॉइंटर ठेवला, खाली खडे लावून नीट बसवला. दिवस मावळत आला होता. फोनवर सुरेखा म्हणाली, "आला, बरोबर दगडावरच्या पोत्यावर आला."

पण मधला किरण लोकांना दिसेना. नुसता तिकडं ठिपका. मग मीच, हो, मीच, मूठभर वाळकी माती उचलली आणि हवेत उधळली. धुळीत हिरवी रेघ लख्ख उमटली. या दगडापासून त्या दगडापर्यंत, सुतासारखी.

आणि ती चिंचेच्या माझ्या बाजूनं गेली होती.

थोडीथोडकी नाही हो. रेघ आणि बुंधा यांच्यामध्ये बैलगाडी आरामात गेली असती. सरळ रेषेच्या पलीकडं चिंच, चिंचेच्या पलीकडं बांध. आमचा बांध वर्षानुवर्षं आमच्याच नांगरानं तात्यांच्या रानात पोट काढून बसला होता. मी पॉइंटरखालचे खडे परत एकदा तपासले.

"हवा गरम आहे," मी म्हणालो. "गरम हवेत प्रकाश थोडा वाकतो. त्याला अपवर्तन म्हणतात."

"मघाशी तर नातं-गोतं नसतं म्हनलास," तात्या म्हणाले.

"वस्तू बिघडली असेल."

सगळं शिवार माझ्याकडं बघायला लागलं. दगड, हौद, ट्रॅक्टर, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर झालं होतं. तरी मी एक शेवटचा प्रयत्न केला. पॉइंटर उचलताना हातातून निसटल्यासारखं केलं. दगडावर आपटला, उडाला, परत आपटला. तात्यांनी वाकून उचलला, बटण दाबलं. मला वाटतं आधीपेक्षा जरा जास्तच उजेड पडला.

मी आशेनं मुनीरभाईंकडं बघितलं. एवढ्या वर्षांचा व्यवहार, काहीतरी बाजू घेतील.

"देखो सर, अपने को क्या है," मुनीरभाई गाडीवरून उतरत म्हणाले, "जिसका झाड, उसको सलाम." आणि तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चलो तात्या, माल बघू."

ओढ्याकडून सुरेखा चालत आली. ओच्यातल्या चिंचा रेघेच्या पलीकडं, तात्यांच्या बाजूला, हळूच ओतल्या आणि हात झटकले. खरं सांगतो, मला लाज वाटली. इतकी वर्षं त्या माणसाच्या झाडाची चिंच मी त्याच्याच दारात, चार लोकांसमोर, उपकार केल्यासारखी नेऊन देत होतो. आणि तो घेत होता, वर चहा पाजत होता.

मी तात्यांना तसं म्हटलं. मान खाली घालून म्हटलं.

"जाऊ दे रे," तात्या म्हणाले. "मला म्हाईत होतं."

"माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"तुझा बाप लई भांडखोर होता. आन् तू पिशवी दिऊन जाताना इतका खूश आसायचास, म्हनलं कशाला पोराचं मन मोडा." त्यांनी पॉइंटर माझ्या हातात ठेवला. "चिंच लागंल तेवढी न्हेत जा. सुनंच्या बहिनीलाबी धाड. फकस्त मागून न्हे."

हे ऐकून मला रडू यायच्या बेतात होतं, पण तेवढ्यात गर्दीतले दोघं पुढं आले. त्यांचाही बांधाचा वाद होता. "सर, आमच्याकडं कधी येता मशीन घेऊन?" मी गाडीला किक मारली.

घरी आल्यावर फोनवर कंपनीचा मेसेज. वस्तू कशी वाटली, कृपया कळवा. मी पाचपैकी एक चांदणी दिली आणि प्रामाणिकपणे लिहिलं: 'किरण एकदम सरळ जातो. लांबवर जातो. आपटला, भिजवला, ट्रॅक्टरखाली घातला तरी बिघडत नाही. कृपया कुणीही घेऊ नये.'

दोन दिवसांनी त्याखाली कुण्या अनोळखी माणसानं विचारलं, 'साहेब, मग प्रॉब्लेम काय आहे?'

मी काय उत्तर द्यावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात खाली उत्तर येऊन पडलंसुद्धा. 'वस्तूत काही प्रॉब्लेम नाही, दादा. बिनधास्त घ्या. प्रॉब्लेम आमच्याकडं जुनाच आहे, तो फिजिक्स शिकवतो.'

नाव बघितलं, सुरेखाचं होतं. आणि तिनं पाच चांदण्या दिल्या होत्या.