गायरानातला रानकांदा

फुलाला नाव द्यायचं असेल तर आधी त्याला मारावं लागतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे पहिल्याच तासाला सांगायची आणि पुढच्या बाकावरच्या मुली तोंड वाकडं करायच्या. वनस्पतिशास्त्र म्हणजे कुंड्यांना पाणी घालणं अशी समजूत करून मुलं येतात. मग मी त्यांच्यासमोर टाकळ्याचं रोप मुळासकट उपटायची, माती झटकायची, वर्तमानपत्राच्या घडीत पसरून दोन लाकडी फळ्यांमध्ये घालायची आणि पट्टा आवळताना वरच्या फळीवर गुडघा रोवायची. देठ मोडल्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा. वाळल्यावर त्याला विषात बुडवायचं म्हणजे कसर लागत नाही. मग सुई-दोऱ्यानं जाड कागदावर शिवायचं आणि खाली नाव लिहायचं. नाव ज्या नमुन्यावर ठरतं तो नमुना मेलेलाच असावा लागतो. मला हे कधी क्रूर वाटलं नाही, उलट बरं वाटायचं. मी जात्याच रागीट, हातात असा धंदा मिळाला म्हणून माणसं वाचली.

परभणीच्या एका कॉलेजात माझा जन्म गेला. सुट्टीच्या दिवशी फळ्या पाठीला बांधून मी रानोमाळ हिंडायची. जिल्ह्यात काय उगवतं, कधी फुलतं, कुणाच्या कुळातलं आहे, हे माझ्याइतकं फार थोड्यांना ठाऊक असेल, असं म्हणायला मला लाज वाटत नाही. पण जे जे मी ओळखलं त्याला नाव आधीच कुणीतरी देऊन ठेवलेलं होतं. दुसऱ्याच्या लेकरांची हजेरी घेत बसायचं, तसं ते काम. आपल्या हातून एका तरी फुलाला नाव पडावं ही इच्छा मी कुणाला बोलून दाखवली नाही, पण ती पोटात होती आणि वय वाढेल तशी जास्तच टोचत होती.

ते फूल मला येलदरीच्या अलीकडे एका गायरानात भेटलं. उन्हाळ्याचे दिवस, मुरमाड माळ, हिरवं म्हणून काही नाही, आणि जमिनीतून एकही पान नसलेला हातभर दांडा वर आलेला. रानकांदाच, दुसरं काही नव्हे. साधा रानकांदा आपल्याकडे पुष्कळ आहे. त्याची मळकट फुलं मान खाली घालून असतात आणि दिवस कलला की उमलतात. ही फुलं मात्र भर सकाळी उमललेली होती, माना वर होत्या, आणि आतले केसर जांभळे. मी उन्हात गुडघ्यावर बसले आणि एकेक फूल भिंगातून पुन्हा पुन्हा बघितलं. हे कुणीच लिहिलेलं नव्हतं.

दोन-तीन झाडं कांद्यासकट उपटून फळ्यांत घातली. पण नवी जात म्हणून मांडायची तर फळ आणि पिकलेलं बी लागतं, त्याशिवाय शास्त्रातली माणसं दारात उभं करत नाहीत. फळाला महिना तरी जाणार होता. फूल गळल्यावर तो वाळका दांडा माळावर पुन्हा सापडणं अवघड, म्हणून मी नेहमी करते तेच केलं. जुन्या लाल साडीच्या चिंध्या फाडल्या, प्रत्येक दांड्याशेजारी एक खुंटी ठोकली आणि तिला चिंधी बांधली. लांबून दिसेल अशी.

ती लांबून दिसली, पण मला नाही. शेजारच्या शिवारात आदल्याच हंगामात सौरऊर्जेच्या पॅनेलसाठी जमीन मोजली गेली होती, आणि मोजणीवाले लाल फडकं बांधलेल्या खुंट्याच ठोकत फिरले होते. खुंट्या आल्या, मागून तारेचं कुंपण आलं आणि आत मेंढरू जाईनासं झालं. माझ्या गायरानावर ज्यांची मेंढरं चरत होती त्यांनी हे डोळ्यांनी बघितलं होतं. एवढं मला नंतर समजलं.

महिन्यानं गेले तेव्हा माळावर चिंधी नव्हती. दांडेही नव्हते. जिथं जिथं खुंटी होती तिथं खड्डा होता, आणि खड्ड्याच्या काठाला दगडानं ठेचलेल्या कांद्याचा चोथा. कुणीतरी खुंटीसुद्धा उपटली होती, शेजारचं झाडसुद्धा, आणि खुंटीच्या मुळाशी पुरलेली काही निशाणी असेल म्हणून कांदासुद्धा ठेचला होता. मी त्या चोथ्यात बोटं घालून बी शोधत होते. तेवढ्यात पाठीत काठी बसली.

पहिल्या फटक्याला मला वाटलं, माळावरचं काहीतरी अंगावर कोसळलं. दुसरा खांद्यावर बसला. वळले तर माझ्याच वयाची एक बाई, पदर खोचलेला, दोन्ही हातांत मेंढरं वळायची काठी. "मोजणी करायलीस व्हय? आमचं रान घ्यायलीस?" असं म्हणत तिनं तिसरा फटका मारला तो डोक्यावर. मीही काही गप्प बसणारी नव्हते. हातात खुरपं होतं, ते मी तिच्या पायावर मारलं आणि तिची पिंढरी फाटली. तिनं माझे केस धरले, मी तिच्या मनगटाला चावले. तिच्या मागून दोन बाप्ये धावत आले आणि त्यांनी माझ्या फळ्या दगडावर आपटून फोडल्या. एकानं कंबरेत लाथ घातली. तोंडात माती आणि रक्त एकत्र झालं होतं, दाताचा तुकडा जिभेवर लागत होता. आता मरते, हे इतकं साधेपणानं मनात आलं की मला त्याचाच राग आला.

फळ्या फुटल्या आणि वर्तमानपत्रांतून वाळकी झुडपं माळावर पसरली. ती बघून बाईचा हात थांबला. मोजणीवाल्यांकडे झाडपाला नसतो.

"हे काय हाय?" तिनं विचारलं.

"तुमी ठेचलं तसलीच झाडं," मी म्हणाले. "फुलं गोळा करते मी. जगात दुसरीकडं कुठं न्हाई असं फूल होतं ते, समदं ठेचलंत तुमी." मराठवाड्यातच वाढलेली मी, मार खाल्ल्यावर कॉलेजातली भाषा कुठली राहायला.

तिनं काठी खाली टाकली. कमरेच्या बाटलीतलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं, आपल्या पदराचा काठ फाडून जखमेवर आवळला आणि मग तिथंच बसून स्वतःच्या पिंढरीकडे बघितलं. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होऊन सुजलेले होते. रानकांद्याचा रस अंगाला लागला की भयंकर खाजतो. चोथा करताना तिला ते समजलं असणार, तरी तिनं एकही कांदा सोडला नव्हता.

"चिंध्या बांधायच्या न्हाईत मंग," ती म्हणाली. माफी वगैरे काही मागितली नाही.

मी पोलिसात गेले नाही. माझ्या मनात दया होती म्हणून नव्हे. तक्रार करायची तर काय म्हणायचं? मला मारलं, हे सांगितलं असतं. पण मला लागलेला मार वेगळाच होता आणि त्याला कुठलं कलम नाही.

पुढे दोन उन्हाळे मी त्या माळावर जात राहिले. ती बाई लांबून मला बघायची आणि हात वर करायची. दांडा एकही आला नाही. माझ्याकडे कागदावर शिवलेली पहिली तेवढी झाडं राहिली, फळाशिवाय, बियाशिवाय, नावाशिवाय. मी ती कपाटात तळाला ठेवली.

दुसऱ्या उन्हाळ्यानंतरच्या थंडीत ती बाई कॉलेजात आली. फाटकाजवळच्या पायरीवर बसली होती, शिपाई हुसकत होता आणि ती हलत नव्हती. मला बघितल्यावर उठली.

"म्याडम, मिशिन आलंय आमच्या रानात. पडीक हाय म्हणायलेत, काय उगवत न्हाई म्हणायलेत. तुमी तेवढं त्या फुलाचं लिवून द्या."

माझं डोकंच फिरलं. "ते फूल ठेचलं कुणी? मी ठेचलं का? आता लिहून दे म्हणतीस."

"मी ठेचलं," ती म्हणाली. "तुमाला बी मारलं. आता मेंढरं मरतील, मंग आमी. तुमी सांगा, दुसरा इलाज काय हाय?"

इलाज नव्हता. फूल असतं तर जगात एकाच ठिकाणी असणाऱ्या फुलासाठी काम थांबवा, असं मी ठणकावून सांगितलं असतं. ते नव्हतं, आणि का नव्हतं हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं. तरी मी तिच्याबरोबर एसटीत बसले.

माळावर पोचलो तेव्हा दगडफेक सुरू झालेली होती. जेसीबीची काच फुटून ड्रायव्हरचं कपाळ चिरलं होतं, तो गमछा दाबून खाली बसला होता आणि रक्त त्याच्या कोपरावरून ठिबकत होतं. ठेकेदाराच्या माणसांनी एका मेंढपाळाला पाडून लोखंडी पाइपानं बडवलं होतं. ती बाई ओरडत त्याच्याकडे धावली, तिचा भाऊ होता तो. त्याचा हात कोपराखाली नको तिथं वळलेला होता. मेंढरं सैरावैरा झालेली, एक कोकरू चाकाखाली आलेलं. मोठा बंदोबस्त नव्हता. तहसीलचा एक अधिकारी, दोन पोलीस आणि सगळ्यांच्या तोंडी आईबहीण. माझ्याही तोंडी होती, ते लपवून काय करू. मी त्या पाइपवाल्याच्या थोबाडीत मारली. म्हातारीनं मारलं म्हणून तो नुसता बघत राहिला.

जेसीबीनं एक लांब चर आधीच उकरला होता. बाईनं भावाला सावलीत नेलं, मग परत येऊन ती त्या चराच्या मातीत वाकली आणि उठली तेव्हा तिच्या पदरात पांढरे कांदे होते. मुठीएवढे, काही बकेटच्या दातानं अर्धे चिरलेले, चिकट रस गळणारे. हाताच्या खुरप्याला लागणार नाहीत इतके खोल होते ते.

"हे बघा," ती अधिकाऱ्यासमोर पदर पसरून म्हणाली. "न्हाई म्हणत व्हता ना? हायेत. जगात दुसरीकडं न्हाई ते फूल ह्येलाच येतंय, ह्या कॉलेजातल्या म्याडमला इचारा."

अधिकारी थकलेला माणूस होता. त्यालाही एक दगड खांद्यावर लागला होता. तो माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही यातल्या तज्ज्ञ. हे तेच दुर्मिळ आहे का? तुम्ही होय म्हणालात तर मी आत्ता काम थांबवतो आणि वर कळवतो. नाही म्हणालात तर मला थांबवता येणार नाही."

कांद्यावरून जात ओळखता येत नाही. साध्या रानकांद्याचा आणि त्या माझ्या झाडाचा कांदा शेजारी ठेवला तर मलाच काय, कुणालाच सांगता येणार नाही. फूल आल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, हे मी आयुष्यभर मुलांच्या डोक्यात कोंबलं. अंदाजानं नाव लिहिणाऱ्या एका मुलाचं वर्षभराचं काम मी त्याच्यादेखत फाडून टाकलं होतं. बाई माझ्याकडे बघत होती. कांद्याच्या रसानं तिचे हात पुन्हा लाल व्हायला लागले होते आणि ती ते पुसत नव्हती.

"तेच आहे," मी म्हणाले.

काम थांबलं. अधिकाऱ्यानं माझ्याकडून लिहून घेतलं आणि जाताना सांगितलं, उन्हाळ्यात फूल आलं की दाखवा, मग पुढचं ठरेल. मी धडके कांदे निवडून घरी आणले आणि मागच्या अंगणात सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत मुरूम भरून लावले. सगळा हिवाळा मी त्या गोण्यांभोवती फेऱ्या मारल्या. देवाला मी कधी काही मागितलं नाही, पण त्या दिवसांत काहीबाही पुटपुटत होते.

चैत्रात दांडे वर आले. मी बाईला निरोप धाडला, ती सकाळीच येऊन ओट्यावर बसली. ऊन चढलं तरी कळ्या मिटलेल्याच. दुपार झाली, आम्ही भाकरी खाल्ली, ती भावाच्या हाताचं सांगत राहिली, तो सरळ बसला नाही म्हणे. दिवस कलला तशी पहिली कळी उकलली. मळकट फूल, मान खाली. मग दुसरी. मग सगळ्याच.

"आलं की," बाई म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला की मला तिच्याकडे बघवेना. "तेच हाय न्हवं?"

मी तिला खोटं सांगू शकले नाही. अधिकाऱ्याला सांगू शकले होते. "हे साधं हाय," मी म्हणाले. "कुठंबी उगवतं. हे दाखवलं तर उद्या मिशिन परत येतं."

माझं फूल आत कपाटात होतं, माझ्या आयुष्यातलं एकमेव. फळाशिवायही त्याला नाव देऊन ते जाहीर केलं तर जगातून कुणीतरी ते बघायला इथं येणार, माळावर त्यांना काही सापडणार नाही आणि मी लिहून दिलेलं खोटं उघडं पडणार. म्हणजे ते तसंच राहणार, बिननावाचं. हे मला तिथं गोणीसमोर उभ्या उभ्या समजलं आणि ओरडावंसं वाटलं, पण ओरडले नाही.

मी आतून कात्री आणली. प्रत्येक दांडा जमिनीलगत कापला आणि कापलेलं सगळं बंबात घातलं. ओलं होतं, जळायला वेळ लागला, घरभर धूर झाला. मग टेबलाशी बसून अधिकाऱ्याला लिहिलं, यंदा बहर आला नाही, झाडांना जमीन बदलल्याचा धक्का बसला आहे, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाट पाहावी. खाली सही केली, हुद्दा लिहिला.

बाई दारात उभी राहून बघत होती. "आन् पुढल्या साली?" तिनं विचारलं.

"पुढल्या साली बी कापू," मी म्हणाले.