वखराची पाळी

‘पाळी’ हा शब्द आम्ही फार विचार करून निवडला होता. ‘मासिक धर्म’ पुस्तकी वाटायचा आणि ‘बाहेर बसणं’ मला संतापच आणायचं. पॅड घरपोच मागवायचं आमच्या कंपनीचं ॲप होतं. ते गावातल्या बायकांना वापरता येतं का, हे बघायला मी आर्णीजवळच्या एका गावात गेले. मी यवतमाळचीच, त्यामुळे पुण्याच्या ऑफिसला वाटायचं, हिला तिकडचं सगळं कळतं.

जिच्याशी बोलायचं ती त्या घरची नवी सून. चहा देताना ती हळूच म्हणाली, “गावात पॅड भेटत नाही, मॅडम. आर्णीले एकटीले जाऊ देत नाही. अन् कायले जायचं, हे कसं सांगू?” जाड्याभरड्या कापडानं तिच्या मांड्या सोलून निघाल्या होत्या. तिच्या चालण्यातच ते दिसत होतं.

पण घरातला फोन सासऱ्यांच्या खिशात. मी मागितला, तर ते स्वतःच बाजेवर मांडी घालून बसले. “विचारा, मॅडम. मी सांगतो.”

मी ॲप सुरू करून दिलं. त्यातल्या बाईनं गोड आवाजात विचारलं, “मागची पाळी कधी झाली?”

“परवा.”

“किती दिवस चालली?”

“बैलाच्या मर्जीवर आहे ते.”

“पुढची पाळी कधी अपेक्षित आहे?”

“पाऊस पडून वापसा आला का लगेच. ओल्या चिखलात नाही जमत.”

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. पेरणीआधी माती भुसभुशीत करायला वावरात बैलांचा वखर फिरवतात, त्या प्रत्येक खेपेलाही पाळीच म्हणतात. मी घाईनं म्हणाले, “काका, ही पाळी ती नाही.”

“मंग कोणती?”

दाराआडून सून जिवाच्या आकांतानं मान हलवत होती. मी तोंड मिटलं.

ॲपनं मात्र काकांचं अभिनंदन केलं आणि त्यांना पॅडचं एक पाकीट फुकट देऊ केलं. मी ते पिशवीतून काढताच काकांनी हातातून घेतलं, फोडलं, दाबून पाहिलं. “मऊ आहे. बैलाच्या खांद्यासाठी न? जू घासून घासून पार सोलला त्याचा खांदा.”

मी निघाले तेव्हा बैल खांद्यावर पांढरंशुभ्र पॅड बांधून रवंथ करत होता. सून दारात उभी होती, तशीच अवघडलेली. हसावं की कपाळ बडवून घ्यावं, मला कळेना.

पेरण्या आटोपल्यावर पुन्हा गेले. काकांनी मागवणं चालूच ठेवलं होतं. ऑफिसात त्याला ‘पुरुषांचा सहभाग’ म्हणून टाळ्याही पडल्या होत्या. माझ्यादेखत पाकीट आलं आणि काका चार शेजाऱ्यांसमोर अंगणातून ओरडले, “सूनबाई, पॅड आले!” सून आली, पाकीट घेऊन आत गेली. चाल मोकळी होती.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. “बैलाचा खांदा अजून बरा नाही झाला?”

“कधीचाच झाला,” ती म्हणाली. “मामाजीले सांगून ठेवलं, पॅड काढलं का पुन्हा सोलते म्हणून.”

मग पाकीट डब्यामागं सरकवत म्हणाली, “बैलाचं दुखणं सांगता येते न, मॅडम.”