वाळ्याचा फाया

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं घरात सगळे म्हणतात. पण धाकट्या भावाचं व्यसन पकडलं ते याच नाकानं. चिखलीतल्या एका वर्कशॉपमध्ये तो स्प्रे पेंटिंग करायचा. शर्टाला थिनरचा वास असणारच. पण तो वास सुटीच्या दिवशीही यायला लागला. एका रविवारी त्याच्या उशीखाली भिजलेलं फडकं सापडलं. मी आधी त्याच्या कानाखाली वाजवली आणि मग रडत बसले. सव्वीस वर्षांचा माणूस खाली मान घालून म्हणाला, "ताई, हे हुंगल्याशिवाय आता राहवत न्हाई गं."

चिंचवडला डॉक्टरीणबाईंकडे उपचार सुरू झाले. वर्कशॉपच्या मालकाला मी स्वतः भेटले आणि भावाला पॅकिंगला बसवायला लावलं. बाई म्हणाल्या, "तलफ आली की दुसरा एखादा आवडता वास घेऊ दे, त्यानं मन थोडं वळेल. पण हे औषध नाही हं. इथं येणं चुकवायचं नाही." मला तेवढं पुरे होतं. त्याच दिवशी नवा रुमाल निलगिरीच्या तेलात भिजवून त्याच्या खिशात कोंबला.

आठवड्यानं त्यानं तो रुमाल मोरीत फेकला. मी तोंड सोडलं तेव्हा म्हणाला, "ओला रुमाल नाकाशी नेला की फडक्याचीच आठवण येते. तलफ वाढतेच उलट." वास बदलला होता, फडकं मीच त्याच्या हातात परत दिलं होतं. स्वतःच्या अकलेची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

आमच्या गल्लीत चाचांचं अत्तराचं दुकान आहे. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बेटी, अत्तर नाकाला लावायचंच कशाला? फाया कानात ठेव. हात मोकळे राहतात." बाईंनाही ते पटलं. भावानं वाळा निवडला, गावाकडच्या माठातल्या पाण्यासारखा वास म्हणून. खरं तर तेव्हा त्याला तो धड येतही नव्हता. थिनरनं नाक पार मारलं होतं. तरी रोज सकाळी अत्तराचा कापूस कानाच्या पाळीत खोचून तो कामावर जायचा.

संध्याकाळी मी दारातच त्याचा शर्ट हुंगायचे. तो मान वाकवून मुकाट उभा राहायचा. एकदा घसरला, पण मी जवळ जायच्या आधीच म्हणाला, "ताई, आज वास येईल." दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच बाईंकडे गेला. घसरला त्याचं वाईट वाटलं, पण खरं बोलला म्हणून मी शेजारणीला अभिमानानं सांगत सुटले.

त्याला वर्ष होऊन गेलं. परवा मी भाकऱ्या थापत होते. तो आला आणि सवयीनं दारात मान वाकवून थांबला.

"उभा काय राहिलास? हात धू, जेवायला बस."

"ताई, वास?"

"नाही घ्यायचा. आता नाही कधी."

तो हलेना. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी तव्याकडे पाठ करून पदर शोधत होते.

"ताई," तो म्हणाला, "भाकरी करपतेय."

माझ्या आधी त्याला वास आला होता.