सावडीतला पाट

डॉक्टरांनी माझा घोटा उजेडाकडे वळवला, फोडावर थोडं गार पाणी ओतलं आणि म्हणाले, "गिनी वर्म." मी घाबरून आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. मग डॉक्टर आपल्या भाषेत आले. "नारू गं बाई. हे बघ, पांढरं टोक दिसतंय."

दिसत होतं खरं, शिवणाच्या दोऱ्यासारखं. माझ्याच पायातून जिवंत किडा डोकावत होता! शहापूरच्या दवाखान्यात बाहेर माणसं खोळंबली होती, नाहीतर मी तिथेच भोकाड पसरलं असतं.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. ज्यांनी नारू बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गावाला पायऱ्यांची बाव होती, म्हणजे विहीर. आम्ही बाया पायऱ्या उतरून, घोटाभर पाण्यात उभ्या राहून हंडे भरायचो. ज्याच्या पायाला नारू, तोही तिथेच उतरायचा, कारण पाण्यात आग कमी होते. नारूचं बी पाण्यात पडायचं, ते पाणी आम्ही प्यायचो, आणि वर्षभराने हात-दीड हात लांबीचा किडा पायातून बाहेर निघायचा. शी! आज सांगतानाही अंगावर काटा येतो.

डॉक्टरांनी ते टोक एका काडीला गुंडाळलं आणि वर पट्टी बांधली. "रोज सहज येईल तेवढाच गुंडाळायचा. ओढायचा नाही. चिखलात पाय घालायचा नाही. आत तुटला तर पाय सडेल." इतकं स्पष्ट सांगितलं होतं हो. मला कुणी सांगितलं नाही, असं मी म्हणूच शकत नाही.

पण ज्येष्ठ सरत आला होता आणि आवणी तोंडावर होती. आवणी म्हणजे भाताची रोपं खाचरात लावणं. आमच्याकडे ती सावडीने व्हायची. आज सगळ्याजणी माझ्या खाचरात, उद्या तुझ्या, परवा तिच्या. आमचे हे कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर, आठवड्याने घरी येणार. घरात दुसरं मोठं माणूस नाही. सावड सुटली तर माझी रोपं जागेवरच जून होणार आणि वर्षाचं भात जाणार, या भीतीने मला अन्न गोड लागेना.

सावडीची म्होरकी आमच्या शेजारची काशीवहिनी. तोंडाने फटकळ, पण कामाला वाघीण. पट्टी बघून म्हणाली, "तू रोपं काढाय बस गो. पाटावर बस, पाय सुका ठेव, मुठी बांध. आवायचं आमी बघतो."

रोपं उपटून त्यांच्या मुठी बांधायचं काम खाचराच्या वरच्या अंगाला, कोरड्यात बसून होतं. ते म्हाताऱ्या करायच्या. मी तेव्हा ऐन पंचविशीतली, आवणीच्या ओळीत सगळ्यांच्या पुढे निघणारी. मला ते फार झोंबलं.

"मी काय म्हातारी झाले? माझ्या वाटणीचं काम मी उभ्यानं करीन. कुणाची मेहनत मला फुकट नको."

"मेहनत कोण मोजतंय गो?"

मी मोजत होते. तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. सावडीत कमी पडलं की आपल्याला वगळणार, अशी माझीच समजूत. तसं कुणी कधी बोललं नव्हतं, कुणाला वगळलेलं मी बघितलंही नव्हतं. बाळंतिणीचं शेत पडीक राहिलं नव्हतं, विधवेचंही नाही. सगळं डोळ्यांदेखत होतं, पण ऐकेन ती मी कसली!

पट्टीवर पळसाचं पान बांधून मी चिखलात उतरले. काशीवहिनी बांधावरून ओरडत होती, "अगो बाहेर निघ! पायाचं मातेरं करशील!" मी मान वर केली नाही. दुपारकडे पाय उचलताना काडी चिखलात अडकली आणि आत काहीतरी तटकन तुटलं. फार दुखलं नाही. उलट हलकं वाटलं. मला वाटलं, चला, सुटले एकदाची.

संध्याकाळपर्यंत पिंढरी खांबासारखी झाली. सकाळी मी तापाने बरळत होते.

शहापूरच्या डॉक्टरांनी घरी येऊन पट्टी सोडली. मग म्हणाले, "सेल्युलायटिस. कातडीखाली सगळीकडे पसरलंय. कल्याणला न्या, आजच." गाडी चिखलात रुतणार, म्हणून सावडीतल्या घरांतल्या पुरुषांनी घोंगडीची झोळी बांबूला बांधली आणि खांदे बदलत मला आसनगावच्या ठेसनावर नेलं. ऐन आवणीत. प्रत्येकाचं शेत अर्धं राहिलेलं. झोळीत पडल्या पडल्या मला त्यांचे चिखलाने भरलेले पाय तेवढे दिसत होते.

इस्पितळात पाय दोन ठिकाणी चिरला. पू वाहून जावा म्हणून रबराची पट्टी आत ठेवली, तिला ते ड्रेन म्हणत. रोज सकाळी ती साफ करायला नर्सबाई आली की मी उशी दातात धरायची. पुष्कळ दिवसांनी मोठे डॉक्टर म्हणाले, "पाय वाचला. घोटा मात्र वळणार नाही. अँकिलोसिस, म्हणजे सांधा धरला."

मला घोट्याचं काही वाटलं नाही. मी रडत होते ती भातासाठी.

मग एका रविवारी ह्यांच्याबरोबर काशीवहिनी आली. कल्याण तिने जन्मात बघितलं नव्हतं. नखांत अजून चिखल होता. खाटेजवळ उकिडवी बसली आणि म्हणाली, "तुझी खाचरं आधी आवली. मंग आमची."

"पण माझा दिवस कोण भरणार?"

"गप पड. शहाणी हाय मोठी!"

मी तोंडावर पदर घेऊन रडले.

पुढच्या वर्षी आवणी आली तेव्हा मी दार लोटून घरातच बसले. न वळणारा पाय चिखलात रुततो, निघत नाही. काशीवहिनी दार ढकलून आत आली, काखेत पाट. "चल," म्हणाली. एवढंच. मी मुकाट्याने गेले.

त्याच सावडीने नंतर बावेच्या पायऱ्या काट्यांनी बंद केल्या. पाणी दोर-पोहऱ्याने वरूनच काढायचं आणि लुगड्याच्या दुपदरी फडक्यातून गाळायचं, असं ठरलं आणि पाळलंही. मी एकटीने कितीही गाळलं असतं, तरी शेजारीण पाण्यात उतरत होतीच ना? सगळ्यांनी मिळून केलं, म्हणून हळूहळू गावातून नारू गेला.

काशीवहिनी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तुझं ऐकायला हवं होतं, हे मी तिला कधी तोंडाने म्हटलं नाही. ते राहून गेलं आणि त्याची मला पायापेक्षा जास्त चुटपुट आहे.

तुमच्यावर आजारपण आलं आणि तुमच्या माणसांनी पाट पुढे केला, तर बसा बायांनो. मला एका आवणीपुरतं बसायला सांगितलं होतं. तेव्हा बसले नाही, म्हणून पुढच्या सगळ्या आवण्या मी त्याच पाटावर बसून काढल्या.