गच्चीवर थांबलेले पंडितजी

आमच्या कोलार रोडच्या कॉलनीत फौजेतले एक धर्मगुरू राहतात. सगळे त्यांना पंडितजी म्हणतात. दुःखात असलेल्या माणसाला ते उपदेश करत नाहीत, फक्त "काही खाल्लंत का?" एवढंच विचारतात. मला ते जरा कोरडेच वाटायचे.

गेल्या पुरात मदतीला म्हणून मी त्यांच्यासोबत जवानांच्या नावेत होतो. एका बुटक्या घराच्या गच्चीवर एक म्हातारी नवऱ्याच्या मृतदेहापाशी बसली होती. नावेत जेमतेम तिच्यापुरती जागा होती आणि पाणी भराभर चढत होतं.

"मियाँ को अकेला छोड़के नहीं आऊँगी," ती म्हणाली. जवान तिच्यावर ओरडू लागले.

पंडितजी गच्चीवर उतरले, त्यांनी बूट काढले आणि ते मृतदेहाजवळ बसले. "अम्मा, इनके पास मैं बैठा हूँ. आप जाइए."

तिला काठावर सोडून आम्ही परतलो, तेव्हा गच्ची पाण्याखाली गेली होती. पंडितजी छातीभर पाण्यात उभे होते आणि मृतदेह त्यांनी दोन्ही हातांवर उचलून धरला होता.

नंतर मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली ना, खूप. पण नाव दिसेनाशी होईपर्यंत त्या वळून वळून बघत होत्या हो."